नागपूरचे फ्रान्सेलियन मिशन : वाटचाल आणि उद्याची आशा

१३ फेब्रुवारी १७९० रोजी पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने धार्मिक व्रते कायद्याने रद्द केली. मठांच्या जमिनी लिलावात गेल्या, अनेक प्रार्थनामंदिरांची कोठारे आणि बराकी झाल्या. त्याच वर्षी २८ ऑगस्टला शेजारच्या सावॉय मुलखातल्या एका खेड्यात पिएर-मारी मेर्मिए यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असताना क्रांतीचे सैन्य सावॉयमध्येही शिरले आणि तिथल्या मठांवरही तीच पाळी आली. व्रतस्थ जीवनाचे दिवस संपले, असे त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना मनापासून वाटत होते. त्याच काळात लहानाचा मोठा झालेल्या या मुलाने पुढे एक व्रतस्थ संघ स्थापन केला आणि त्या संघाची माणसे कामठीला आली, नागपूरला आली. आपल्या मिशनचा इतिहास तिथून सुरू होतो.

व्रतस्थ जीवनाला भविष्य आहे का, हा प्रश्न आज पुन्हा विचारला जात आहे. या स्मरणिकेसाठी जुन्या काळाकडे पाहताना हा प्रश्न बाजूला ठेवणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. म्हणून हा इतिहास त्या प्रश्नाला सामोरा जात लिहिला आहे.

आन्सीहून निघालेले सहा जण

फादर मेर्मिए यांनी आपले सहकारी फादर जोसेफ-मारी फावर यांच्यासोबत सावॉयच्या डोंगराळ खेड्यांतून धर्मशिबिरे घेतली. क्रांतीच्या धामधुमीत श्रद्धेपासून तुटलेल्या शेतकऱ्यांना पुन्हा उभे करण्याचे ते काम होते. या अनुभवातून २४ ऑक्टोबर १८३८ रोजी, आन्सीचे बिशप पिएर-जोसेफ रे यांच्या मान्यतेने, संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा मिशनरी संघ स्थापन झाला. आपल्याकडे या संघाच्या फादरांना फ्रान्सेलियन म्हणतात. याच संताचे नाव घेतलेला डॉन बॉस्को यांचा सलेशियन संघ वेगळा आहे आणि तो यानंतर वीसेक वर्षांनी जन्माला आला.

संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७ ते १६२२) हे जिनिव्हाचे बिशप होते. पण जिनिव्हात त्यांना राहता येत नसल्याने त्यांनी आन्सीहूनच कारभार पाहिला. त्यांच्या शिकवणीचा गाभा आजही आपल्या उपयोगाचा आहे. पवित्र जीवन ही मठातल्या लोकांची मक्तेदारी नाही. सैनिक, कारागीर, गृहिणी, दरबारी या प्रत्येकाला आपापल्या जागी ते साधते, असे त्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ठामपणे मांडले. सौम्यतेने माणूस जिंकता येतो, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या नावाच्या शाळांतून शिकलेल्या नागपूरकरांनी ही सौम्यता कोणत्या ना कोणत्या फादरांच्या वागण्यात पाहिली असेल.

संघ स्थापन होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती, माणसे मोजकीच होती, पैशाची तर कायमच चणचण. तरीही १८४५ मध्ये या संघाने सहा जणांची पहिली तुकडी भारतात धाडली. त्यात फादर जाक मार्टिन, फादर जोसेफ लाव्होरेल, फादर जाँ-मारी तिस्सो आणि फादर थेव्हने यांच्यासोबत ब्रदर कार्तों आणि ब्रदर फोंतानेल होते. पाँडिचेरीला उतरून ही मंडळी विशाखापट्टणमला गेली. त्यांच्यावर सोपवलेला प्रदेश बंगालच्या उपसागरापासून थेट मध्य भारतापर्यंत पसरलेला होता आणि त्या काळी रेल्वे नव्हती. तुकडीचे प्रमुख फादर मार्टिन तर थोड्याच काळात इथेच वारले. मागे राहिलेल्यांनी परतीचा विचार केला नाही.

कामठीची छावणी, नागपूरचा धर्मप्रांत

सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी कन्हान नदीकाठी कामठीला छावणी वसवली. तिथल्या गोऱ्या पलटणींमध्ये आयरिश कॅथलिक सैनिक होते, मद्रासी पलटणींसोबत तमिळ आणि तेलुगू भाषक ख्रिस्ती कुटुंबे आली होती. नागपूर परिसरातल्या कॅथलिक समाजाची सुरुवात ही अशी, छावणीतली आणि परगावच्या माणसांची. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन, गोवन आणि मंगळुरी कुटुंबे आली. या सगळ्यांच्या वेगवेगळ्या भाषा सांभाळत, मिस्सा लॅटिनमध्ये आणि प्रवचन समोरच्याला समजेल त्या भाषेत, असा सावॉयच्या फादरांचा दिनक्रम होता.

१८७० मध्ये नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा सुरू झाली. सदरमधली आपली एसएफएस ती हीच. ११ जुलै १८८७ रोजी विशाखापट्टणमपासून वेगळा असा नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला आणि बिशप अलेक्सी रिकाझ त्याचे पहिले धर्माधिकारी झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा अवाढव्य मुलूख या धर्मप्रांतात होता. पुढे नागपुरातल्या एका टेकडीवर धर्मगुरूंच्या शिक्षणाची सेमिनरी आली आणि शहराने टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव दिले. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्या सर्व धर्मांच्या नागपूरकरांच्या तोंडी ते आजही आहे.

मिशनचे काम शहरापुरते राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सेलियन मिशनरी औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगाव परिसरात पोचले. निजामाच्या राज्यातला तो दुष्काळी टापू, आणि ज्यांच्यासाठी ते गेले ती माणसे गावकुसाबाहेरची. फादर गुरियां जाकिए यांनी आयुष्याची कित्येक वर्षे त्या भागात घालवली आणि मराठी खेड्यातले होऊन गेले. आजच्या मराठवाड्यातल्या कॅथलिक समाजाची पाळेमुळे त्या कामात आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्य प्रांतात मिशनांनी अनाथ मुलांना पोटाशी धरले. सरकारी तगाई आणि खडी फोडण्याची दुष्काळी कामे ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, त्यांच्यासाठी मिशनचा ओटा हाच शेवटचा आसरा होता.

याच सुमारास मायदेशातून वाईट बातमी आली. १९०१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्मसंघांवर पुन्हा कडक बंधने आली आणि एकामागून एक मठ बंद होऊ लागले. सावॉय १८६० पासून फ्रान्सचा भाग असल्याने आन्सीलाही त्याची झळ पोचली. मूळ घरच संकटात असताना नागपूरचे काम मात्र थांबले नाही.

भगिनींचा वाटा

आपल्या मिशनचा इतिहास लिहिताना फादरांची नावे आणि बिशपांच्या कारकिर्दी पुढे येतात, भगिनींचे काम एका परिच्छेदात उरकले जाते. हा अन्याय आहे आणि स्मरणिकेच्या पानांवर तो पुन्हा होऊ नये. सावॉयच्या सेंट जोसेफ भगिनी १८४९ मध्येच, म्हणजे फादरांपाठोपाठ चारच वर्षांनी, यानामला उतरल्या. त्यांच्या संघाची कहाणीही आशेची आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत या संघाची घरे मोडली गेली, काही भगिनींना गिलोटिनवर चढवले गेले. मदर सेंट जॉन फोंतबोन यांनाही तीच शिक्षा व्हायची होती. रोबेस्पियरची सत्ता उलथली म्हणून त्या वाचल्या. तुरुंगातून सुटून त्यांनी १८०७ पासून संघ नव्याने उभा केला. त्या पुनर्जन्मातून शांबेरी आणि आन्सी इथल्या शाखा निघाल्या. कामठी आणि नागपूरच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंट शाळा या परंपरेतल्या आहेत. मुलींना शिकवायचे कशाला, असे विचारणाऱ्या काळात इथल्या मुलींसाठी त्यांनी वर्ग उघडले.

फादर मेर्मिए यांनी मदर क्लॉदीन एशेर्निए यांच्यासोबत शाव्हानोद या खेड्यात होली क्रॉस भगिनींचा संघ स्थापन केला. तो शेतकरी घरातल्या साध्या मुलींचा संघ होता. या भगिनी विदर्भात आल्या आणि अमरावतीला त्यांनी दीर्घकाळ टिकणारे काम उभे केले. शाळा, दवाखाना, वसतिगृह, बाळंतपणासाठी खेड्यात जाणे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, या रोजच्या कामातून विदर्भातल्या सर्वसामान्य माणसाला समर्पित जीवन म्हणजे काय ते समजले.

वाटून दिलेला धर्मप्रांत

नागपूर मिशनच्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अभिमानाच्या यादीत सहसा नसते. हा धर्मप्रांत काळाबरोबर लहान होत गेला, आणि तो जाणूनबुजून लहान केला गेला.

१९३२ मध्ये जबलपूरचा भाग वेगळा झाला. तिथली जबाबदारी हॉलंडच्या नॉर्बर्टाइन संघाने घेतली. १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत झाला आणि बिशप जोसेफ रोझारिओ यांनी चाळीस वर्षे तो सांभाळला. अमरावतीने पुढे १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांताला जन्म दिला. १९६२ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर परिसराचे क्षेत्र, केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या सीएमआय संघाकडे गेले. केरळबाहेर त्या परंपरेने हाती घेतलेले हे अगदी सुरुवातीचे मिशनक्षेत्र. १९६३ मध्ये भोपाळ आर्चडायोसिस अस्तित्वात आले. १९६४ मध्ये छत्तीसगडचा भाग रायपूर म्हणून वेगळा झाला आणि पॅलोटाइन फादरांकडे सोपवला गेला.

प्रत्येक विभाजनात उभारलेली चर्च, शाळा, ओळखीची गावे दुसऱ्या संघाच्या हाती गेली. ज्यांनी विहिरी खोदल्या, त्यांनी पाणी इतरांना दिले. सत्ता, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांना कवटाळून बसण्याची प्रवृत्ती कोणत्याही संस्थेत सहज शिरते. आपल्या पूर्वसूरींनी ती रोखली आणि त्याचे फळ आज मध्य भारतभर दिसते. एका धर्मप्रांताच्या जागी अनेक धर्मप्रांत आहेत, एका संघाच्या जागी कितीतरी संघ काम करतात. आज नागपुरातच पॅलोटाइन फादरांचे मोठे केंद्र आहे आणि २००४ पासून त्यांचे अभियांत्रिकी महाविद्यालयही चालू आहे.

सूत्रे इथल्या माणसांच्या हाती

१८८७ ते १९६३ या काळात नागपूरच्या गादीवर सात बिशप झाले आणि सगळे फ्रान्सेलियन होते. रिकाझ, पेल्व्हा, क्रोशे, बोनाव्हेंत्युर, कोपेल आणि गेये हे सहा जण परदेशी. १९५१ मध्ये युजिन डिसोझा नागपूरचे पहिले भारतीय बिशप झाले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर सरधर्मप्रांत झाला आणि ते पहिले आर्चबिशप ठरले. १९५६ मध्ये सेमिनरी हिल्सवर सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय सुरू झाले. पुढे भोपाळला गेल्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आर्चबिशप डिसोझा यांनी रोममधल्या सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्ध निर्भीडपणे आवाज उठवला. नागपूरच्या मातीत तयार झालेला हा माणूस जगाच्या व्यासपीठावर इथल्या ख्रिस्तसभेचा अनुभव बोलत होता.

त्यांच्यानंतर आर्चबिशप लिओनार्ड रेमंड, लिओबार्ड डिसोझा, अब्राहम विरुथकुलंगरा आणि आता आर्चबिशप एलियास गोन्साल्विस. फ्रान्सेलियन संघाने धर्मप्रांताची सूत्रे सोडली आणि तो स्वतः शाळा, पॅरिश आणि नवीन मिशनक्षेत्रे यांत काम करत राहिला. सोपवण्याची ही सवय संघाने स्वतःलाही लावून घेतली.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने समर्पित जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश प्रसृत केला. आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा आणि काळाची गरज ओळखून बदला, हा त्याचा आशय. पोशाख बदलले, वेळापत्रके सैल झाली, भगिनी वस्त्यांमध्ये राहू लागल्या, आणि काही जणांनी संघ सोडलाही. ते सोडून गेलेले आपले बंधुभगिनीही या इतिहासाचा भाग आहेत. त्यांनी दिलेल्या वर्षांबद्दल कृतज्ञ असायला हवे.

आजचा प्रश्न

आता आकड्यांकडे पाहू. १९७० च्या सुमारास जगभरात व्रतस्थ भगिनींची संख्या दहा लाखांच्या आसपास होती. २०२२ च्या अखेरीस ती सहा लाखांच्या किंचित खाली आली. युरोपात आणि अमेरिकेत मठ विकले जात आहेत. भारतात व्रतस्थ स्त्रीपुरुष मिळून लाखाहून अधिक असले, तरी केरळ, गोवा, मंगळुरू आणि वसई या पूर्वापार भागांतून येणारी पाचारणे आटत चालली आहेत. घरात एक किंवा दोन मुले, त्यांच्यासमोर शिक्षणाच्या आणि नोकरीच्या असंख्य वाटा. आईवडिलांना त्या वाटांची ओढ लागणे साहजिक आहे आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे उणिवाही आहेत. संस्था मोठ्या झाल्या तसे प्रशासन वाढले आणि गोरगरिबांच्या घरी जाणे कमी झाले. भगिनींच्या कष्टांना निर्णयप्रक्रियेत योग्य जागा मिळाली नाही. दलित आणि आदिवासी घरांतून आलेल्या तरुणांना संघांमध्ये बरोबरीची वागणूक मिळावी यासाठी अजून पुष्कळ करायचे आहे. मिशनच्या कामाबद्दल समाजात संशय पसरवला जातो, तेव्हा त्याला पारदर्शक व्यवहार आणि सेवा एवढेच उत्तर आपल्याकडे असायला हवे.

आशा कशावर उभी आहे

या सगळ्यानंतरही आम्ही आशा बाळगतो. आपल्याच इतिहासात तिला तीन आधार आहेत.

पहिला आधार असा की, व्रतस्थ जीवन संख्येवर कधीच तगून राहिले नाही. सहा जणांनी अर्धा भारत ओलांडण्याइतका प्रदेश हाती घेतला. ज्या काळात मठांना कुलपे लागली, त्या काळातल्या मुलाने संघ स्थापन केला. संख्या घटली की आपण संपलो, हे गणित आपल्याला या इतिहासाने शिकवलेले नाही.

दुसरा आधार म्हणजे देवघेवीची उलटलेली दिशा. ज्या संघाची माणसे सावॉयहून इथे आली, त्या संघाचे बहुसंख्य सदस्य आज भारतीय आहेत. भारतीय फ्रान्सेलियन आता टांझानिया, केनिया, युगांडात जातात आणि फ्रान्स, स्वित्झर्लंडमधल्या रिकाम्या होत चाललेल्या पॅरिशही सांभाळतात. आन्सीने जे दिले, ते नागपूरने आणि भारताने व्याजासह परत केले. उद्या आफ्रिकेतून कोणी नागपूरला आले, तर त्या पाहुण्याचे स्वागत करण्याची तयारी आपली असायला हवी.

तिसरा आधार विदर्भाच्या मातीचा आहे. त्याग आणि सेवा यांची भाषा इथल्या माणसाला परकी नाही. गाडगे महाराजांनी हातात झाडू घेऊन धर्मशाळा बांधल्या, तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले, आनंदवनात कुष्ठरुग्णांनी शेती फुलवली. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. ब्रह्मचर्य, स्वावलंबन आणि सर्वांच्या संमतीने निर्णय हा तिथल्या बहिणींच्या सामूहिक जीवनाचा पाया ठरला. नागपूरहून सेवाग्रामला जाताना वाटेत लागणारे हे ठिकाण आपल्या तरुण भगिनींनी आवर्जून पाहावे. व्रतांचा मार्ग आपल्या भूमीत खोलवर रुजलेला आहे, हे तिथे कळते. शेजारच्या साधकांकडून सामूहिक निर्णयाचा धडा घेण्यात आपल्या श्रद्धेला काहीच उणेपणा येत नाही.

या तीन आधारांवर पुढची दिशा दिसते. समर्पित जीवन आता लहान समुदायांत, वस्त्यांच्या जवळ, कमी मालमत्तेसह जगावे लागेल. शाळा आणि दवाखाने चालवण्याची जबाबदारी प्रापंचिक सहकाऱ्यांकडे हळूहळू सोपवावी लागेल, आणि तीही विश्वासाने, सगळी सूत्रे आपल्या हाती ठेवून नव्हे. प्रापंचिकाच्या पावित्र्याची थोरवी सांगणाऱ्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाला हे अवघड जाऊ नये. मग व्रतस्थांना त्यांचे मूळ काम करायला वेळ मिळेल: प्रार्थना, ऐकून घेणे, आणि जिथे कोणी जात नाही तिथे जाणे. स्थलांतरित मजूर, कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याची विधवा, शहरात एकटी पडलेली म्हातारी माणसे, गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली मुलगी यांना आजही घर सोडून आलेल्या माणसाची गरज आहे. ज्याला स्वतःचा संसार नाही, तो त्यांच्या संसारात उभा राहू शकतो.

२०२५ च्या जुबिली वर्षाला आशेचे यात्रिक हे ब्रीद दिले गेले आणि ऑक्टोबरमध्ये जगभरचे व्रतस्थ स्त्रीपुरुष रोमला एकत्र आले. पोप फ्रान्सिस जेझुइट होते आणि त्यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे ऑगस्टिनियन आहेत. ख्रिस्तसभेने लागोपाठ दोनदा व्रतस्थ माणसाकडे नेतृत्व दिले आहे. पण नागपूरसाठी आशेची खरी परीक्षा इथल्या घरांत आणि इथल्या मठांत होणार आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना आमच्या काही विनंत्या आहेत. एखाद्या मुलाने किंवा मुलीने आपल्याला देवाच्या कामासाठी जावेसे वाटते असे सांगितले, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये आणि दडपणही आणू नये. संघात येणाऱ्याला किमान एक वर्ष नॉव्हिशिएटचा अनुभव घ्यावा लागतो, त्यानंतर तात्पुरती व्रते, आणि अंतिम व्रतांपर्यंत आणखी काही वर्षे जातात. मन निश्चित करायला पुरेसा अवधी आहे आणि परत येण्यात कोणताही कमीपणा नाही. माजी विद्यार्थ्यांनी केवळ शाळेच्या इमारतीसाठी देणगी देऊन थांबू नये; आपल्या जुन्या सिस्टरांना आणि फादरांना भेटावे, त्यांच्या कामात वेळ द्यावा. आणि आम्ही जे व्रतस्थ आहोत, त्यांनी स्वतःला रोज विचारावे की आज आपण कोणाच्या हाती काय सोपवले. ज्यांनी जबलपूर, अमरावती, चांदा, भोपाळ आणि रायपूर मोकळ्या मनाने दिले, त्यांचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर सोपवण्याचे हे काम आपल्या हयातीतच सुरू करायला हवे.